कमावलेलं कातडं

कातडं कमावतात. लाकूड तासतात, लोखंड घडवतात, दगड फोडतात. कमावतात ते कातडं, तालमीतल्या पोराचं अंग, आणि पैसा. तिन्हीला आपल्या भाषेनं एकच शब्द दिला. व्याकरणवाले त्याचं मूळ शोधोत. माझ्यासारख्या दहावी झालेल्या शेतकऱ्याला त्यात एक साधा प्रश्न दिसतो. जे कमावलं ते कुणाचं? पैशाचं उत्तर सातबारा आणि पासबुक देतं. अंगाची कमाई अंगासोबत सरणावर जाते. कातड्याचं काय? गेली दोन वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात फिरतोय, आणि तोही एका सायकलीच्या सीटपायी.

आमच्या घरी एक जुनी सायकल आहे. दादांनी, म्हणजे वडलांनी, ती 1964 साली हिंगोलीतून जुनीच विकत आणली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातली एक तालुक्याची जागा होती. जिल्हा व्हायला 1999 चा महाराष्ट्र दिन उजाडावा लागला. साठ वर्षांत त्या सायकलीचं सगळं बदललं. टायर-ट्यूब तर किती झाले मोजदाद नाही, पण चेन, पायडल, ब्रेक, पुढचा चिमटा, हँडलसुद्धा नवं आलं. सीट तीच. चामड्याची, खाली तारेच्या जाड स्प्रिंगा असलेली. मागं पितळेची छोटी पट्टी होती, तिच्यावरचं नाव दादांच्याच धोतरानं घासून घासून गेलं.

आताच्या पोरांना चामड्याची सीट म्हणजे काय ते सांगावं लागतं. आता सीट म्हणजे खाली प्लॅस्टिक, मधी फोम, वर रेक्झिन. बसलं की फोम दबतो, उठलं की फुगतो. त्याला कोण बसलं त्याचं काही सोयरसुतक नाही. चामड्याच्या सीटीत गादीच नसते. लोखंडी सांगाड्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक जाड कातडं ताणून खिळ्यांनी ठोकलेलं असतं, बाजेला नवार ताणतात तसं. माणूस त्या ताणावर बसतो. नवी असताना ती पाटासारखी टणक. पहिल्या दिवशी बसणाऱ्याला वाटतं ही कुठल्या तरी पापाची शिक्षा आहे. मग महिना जातो, पावसाळा जातो, आणि हळूहळू आपल्या बैठकीची जी दोन हाडं आहेत ना, बरोबर त्यांच्या खाली दोन खळगे पडू लागतात. एकदा ते पडले की फोमवाल्यांनी कितीही जाहिरात करावी.

हे कातडं जनावराच्या पाठीमागच्या भागाचं लागतं, कारण तिथं ते जाड आणि घट्ट असतं. म्हणजे बैलाच्या पुठ्ठ्याचं माणसाच्या पुठ्ठ्याखाली. आमचा एक चुलता हे सांगून दरवेळी हसायचा.

असल्या सीटा बनवणारी एक नावाजलेली कंपनी विलायतेत बर्मिंगहॅमजवळ आहे, ब्रुक्स नावाची. जॉन बोल्टबी ब्रुक्स ह्या माणसानं 1866 साली तिथं चामड्याचा धंदा काढला, घोड्यांचं सामान करायचा. कंपनीच सांगते त्याप्रमाणं त्याचा स्वतःचा घोडा मेला, दुसरा घ्यायला जमेना, म्हणून त्यानं सायकल धरली. तिच्यावर बसणं असलं वाईट की शेवटी त्यानं स्वतःच चामड्याची सीट केली आणि 1882 साली तिचं पेटंट घेतलं. मला ही गोष्ट आवडली. जनावराच्या पाठीवरनं उतरला तो जनावराच्या कातड्यावर बसला. आपली सगळ्यांचीच गत तीच.

पण कातडं कमावायला आम्हाला विलायतेला जायची गरज नव्हती. आमच्याकडं बांधाबांधावर तरवड आहे, पिवळ्याधम्मक फुलांचा. ह्या तरवडाची साल, नाहीतर बाभळीची, ह्यावरच आमच्या मुलखातलं कातडं कमावलं जायचं. आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, आतलं मांस खरडायचं, मग सालीच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवायचं. कधी कातड्याचीच पिशवी शिवून झाडाला टांगायची आणि तिच्यात सालीचं लालसर पाणी भरून ठेवायचं. झिरपलं की परत ओतायचं. वास असा की त्या वाटेनं गाव नाकाला पदर लावून जायचं. हे काम ढोर समाजाची माणसं करायची. त्यातनं मोट शिवायचं, वहाणा करायचं काम चर्मकारांचं. आणि मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम महारवाड्यावर लादलेलं. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला ते सोडून द्या म्हणून सांगितलं, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर आमच्याकडंही एकेका गावानं ते सोडलं. गावं चिडली. पण ज्यांनी सोडलं त्यांनी बरोबरच केलं. ज्याच्या गोठ्यात बैल मेला त्यानंच त्याचं बघावं, ह्यात चिडण्यासारखं काय होतं?

मुद्दा एवढाच की सीटवर माणूस बसायच्या आधीच ते कातडं दोनदा कमावलेलं असतं. एकदा बैलानं, वागवून. एकदा कमावणाऱ्यानं, मुरवून. तिसरी कमाई बसणाऱ्याची.

दादांची निगा राखायची पद्धत ठरलेली होती. एरंडेल आणि मेण वाटीत मंद आचेवर कालवायचं, कोमट असताना फडक्यानं पातळ हात फिरवायचा, वरून आणि खालून, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी पुसून टाकायचं. वर्षातनं दोन-तीनदा, जास्त नाही. पावसात युरियाच्या पोत्याच्या आतली पिशवी सीटवर चढवायची. एवढं करूनही भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात किंवा चुलीजवळ नाही, आणि पुरती वाळेपर्यंत बसायचं नाही. ओल्या कातड्यावर बसलं की ते ओढत जातं. मागच्या चाकाला मडगार्ड पाहिजेच, नसता खालून उडणारं पाणी दिसतही नाही आणि कातडं तर खातं. सायकल रात्री ओसरीवर उभी, कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी. तेलामेणाचा वास कुत्र्याला लई आवडतो.

सीटच्या नाकाखाली एक नट असतो. कातडं सैल पडलं की तो फिरवून ताण द्यायचा. दादा त्याला वर्षातनं एकदाच हात लावायचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आणि तोही पाव फेरा. पोरांनी नटाला हात लावला की ओरडायचे. फार ताणलं तर पुढच्या खिळ्यांपाशी कातडं फाटतं, आणि तिथं फाटलं की सीट संपली.

आमच्या भावकीत एकानं असलीच नवी सीट घेतली होती. त्याला धीर नव्हता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं ती रात्रभर तेलात बुडवून ठेवली. सकाळी अशी मऊ, की त्यानं गावभर दाखवली. सहा महिन्यांत तिची झोळी झाली. मधी माणूस आणि दोन्ही बाजूंनी कातडं वर आलेलं. तेलानं कातडं सगळीकडं सारखंच मऊ होतं हो. खळगे पाहिजेत दोन ठिकाणी, बाकीचं घट्टच राहायला पाहिजे. ते कुठं मऊ व्हावं हे तेलाला कळत नाही, वजनालाच कळतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नट फिरवायचा हे दादांनी मुद्दाम धरलं होतं की तसंच पडलं, मी विचारलं नाही कधी. त्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. बैलांना धुऊन आणायचं, त्यांच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. वर्षभर जू बसून तिथं कातडं जाड झालेलं असतं, हाताला घट्टा लागतो. त्याच हातानं, तसंच पिवळ्या बोटांनी, दादा सायकलीकडं वळायचे.

आता बैल शिकवायचं म्हणाल तर तेही कमावणंच आहे, आणि ते तेवढं गोड नाही. आमची लाल कंधारी जात, अंगानं देखणी. गोऱ्हा आधी खच्ची करायचा. मग वेसण. मग म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला रिकामं जू, मग एखादा ओंडका ओढायला, मग वखर. खांदा सुजतो, जखम होते, हळदतेल लावायचं आणि चार दिवसांनी परत जुंपायचं. शेवटी बैल असा होतो की नुसतं हाक मारली तरी जुवाखाली मान घालतो. लोक म्हणतात, लई गुणी बैल. गुण त्याचा, पण त्याला विचारलं होतं कुणी? लोणी चोळल्यानं हे फिटतं असं मी मानत नाही. पण न चोळणाऱ्याचं अधिक बरं चाललंय असंही मी बघितलेलं नाही.

दादा 1994 च्या हिवाळ्यात गेले. सायकल माझ्याकडं आली. मी तोवर दुसऱ्या सायकलीवर फिरायचो, फोमवाल्या. दादांच्या सीटवर बसलो आणि चकित झालो. साठ वर्षांच्या माणसानं तीस वर्षं मळलेली सीट, लोण्यासारखी असेल असं वाटलेलं. मला ती टोचत होती. दादा अंगानं आडवे, मी शिडशिडीत. त्यांचे खळगे माझ्या हाडांच्या बोटभर बाहेर. मी मधल्या उंचवट्यावर बसलेला. बाजाराला जाऊन यायचो तर रात्री पालथं झोपावं लागायचं. बायको म्हणाली, ठेवून द्या ना ती माळ्यावर, आठवण म्हणून. पण सायकल माळ्यावर ठेवली तर ती काय सायकल राहिली? पावणेदोन वर्षं लागली. माझे खळगे दादांच्या खळग्यांत मिसळले. आता हात फिरवला तर दोन खोलगट जागा लागतात, जरा लांबट, आतल्या कडेला माझ्या आणि बाहेरच्या कडेला त्यांच्या.

दोन वर्षांखाली औंढ्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो होतो. पुण्याकडची चार-पाच पोरं सायकलीवर नागनाथाच्या दर्शनाला चाललेली, डोक्याला टोपडी, अंगाला चिकटलेले कपडे. त्यातला एक माझ्या सायकलीपाशी उकिडवा बसला. खालून बघतोय, खिळे मोजतोय.

"काका, ही ब्रुक्सची आहे. सीट विकता का?"

"सीट? आन मी काय दांड्यावर बसू?"

हसला. पण मग पाच हजार म्हणाला. मी ऐकतच राहिलो, तेवढ्यात एक नवी साधी सायकल येते. मी विचारलं, कंपनी बंद पडली का? तर नाही, नव्या मिळतात, ह्याहून महाग. पण नवी मळायला सहा महिने जातात, दुखतं, आणि जुन्या कातड्याची मजा वेगळी. पोरगं वाईट नव्हतं. नंबर देऊन गेलं, घाई नाही म्हणालं.

घरी मी हे सांगितलं तर थोरला म्हणाला, "द्या ना मग. कामून ठेवायलात?"

मी म्हणलं, ही दादांनी कमावलेली आहे, मी कमावलेली आहे. दुसऱ्याच्या बुडाखालची कमाई विकत कशी द्यायची?

तो पोरगा डिप्लोमा झालेला, बोलण्यात मागं हटत नाही. म्हणाला, "बैल बाजारात आपण काय करतो? शिकाऊ गोऱ्हा आणि कामाला लागलेला बैल, एका भावानं देतो का? शिकवायचे पैसे घेतोच की." खरंच होतं. मी म्हणलं, बैल काम शिकतो, ते कुणाच्याही शेतात चालतं. सीट काम शिकत नाही, माणूस शिकते. त्या पोराला ती टोचणारच. "मग टोचू द्या, त्याचे पैसे त्याचं बूड." आणि मग त्यानं असं विचारलं की मला थांबावं लागलं. "आजोबानं तर ही जुनीच घेतली होती ना? त्यांच्या आधी कोण बसलं होतं?"

हे मी विसरलेलो नव्हतो, पण हिशोबात धरलेलं नव्हतं. दादांच्या आधी कुणीतरी होता. कचेरीतला कारकून असेल, मास्तर असेल; 1948 च्या आधीची असेल तर निजामाच्या राज्यातला कुणी. त्याची हाडं, त्याचे खळगे. दादांनीही पैसे देऊन त्याच्यावर बसूनच सुरुवात केली. म्हणजे माझं जे म्हणणं होतं, की अंगानं कमावलेलं विकता येत नाही, ते घरातल्याच सायकलीनं खोटं पाडलं. विकता येतं. विकलं गेलेलंच आहे.

मी हे सगळं गावातल्या चर्मकार काकांपुढं मांडलं. पंच्याहत्तरी ओलांडलेली, नजर अजून दोरा ओवण्याएवढी चांगली. दादांच्या काळात सीटचा मागचा एक खिळा निसटला होता, तो त्यांनीच तांब्याचा घालून दिला होता. त्यांचा मुलगा नांदेडला तयार चपलांचं दुकान चालवतो. हे इथंच राहिले. काकांनी सीटवर अंगठा दाबला, खालून बघितली, आणि शांतपणानं म्हणाले,

"तुमच्या दादानं बसून बसून मऊ केली, त्याला पाच हजार म्हणायलेत. माझ्या बापानं तीस वर्सं ह्या गावाच्या मोटा शिवल्या. सुगीला खळ्यावर जवारी. ती बी सगळे गेल्यावर, खाली राहिलेली."

आवाजात राग नव्हता. मी काय बोलणार? आमच्या विहिरीवरची मोट मी लहानपणी बघितलेली. मोठा चामड्याचा डोल, खाली सोंड. तिला तेल पाजायचं, ती भरून वर आली की थारोळ्यात पाणी धडाधडा पडायचं, आम्ही पोरं खाली उभी राहायचो. मग इंजिन आलं आणि मोट आखाड्यावर खुंटीला गेली, उंदरांनी खाल्ली. तिच्या पाण्यावर आमच्या दोन पिढ्या जगल्या. तिला टाका कुणी घातला हे आम्हाला ठाऊक होतं, रोज दिसायचा तो माणूस. पण ह्या मळ्याच्या कमाईत त्याचा हिस्सा किती, असा हिशोब कुठल्याच वहीत नाही. सीटच्या बाबतीत मी तीन कमाया मोजल्या खऱ्या. पैसे मात्र नेहमी तिसऱ्याकडंच यायचे. बैलाला नाही, काकांच्या बापाला नाही. शेवटी जो बसला तो मालक.

काका पुढं म्हणाले ते जास्त कामाचं होतं. "हिचं काही खरं नाही आता. नट बघा." नटाचे आटे बघितले तर तीन-चारच शिल्लक. साठ वर्षं पाव-पाव फेरा, तो संपत आलेला. खिळ्यांपाशी बारीक चिरा. "आणखी दोन पोळे. मग फाटंल."

मी विचारलं, ह्याच सांगाड्यावर नवं कातडं बसवता येईल का? त्यांनी सायकल आडवी पाडायला लावली, बराच वेळ बघितलं. बाभळीच्या लाकडाचा ठोकळा सीटच्या आकाराचा तासावा लागंल, म्हणाले. त्यावर भिजलेलं कातडं ताणून बांधायचं, आठ दिवस सावलीत वाळू द्यायचं, मग कापून खिळे ठोकायचे. कातडं गावात मिळणार नाही. इथं कमावणारं कुणी उरलं नाही, आणि 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीचं घ्यावं लागंल, कानपूरकडचं नाहीतर चेन्नईकडचं, पोराला नांदेडहून मागवायला सांगतो. जाड पाहिजे, पाच मिलिमीटरच्या आसपास. म्हशीचं जरा सैलसर असतं, पण कमावणारा चांगला असला तर चालतं.

"किती घ्याल?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. "पाच हजार."

मी हो म्हणलं. घरी थोरला चिडला. पाच हजार येणार होते ते जायला निघाले, म्हणजे दहाचा फरक, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकीचा नाही. पुण्याच्या पोराला मी फोन करून सांगितलं की ही सीट द्यायची नाही, आणि तुला खरंच बसायचं असेल तर नवी घे आणि सहा महिने सोस. तो म्हणाला, बघतो.

मध्ये ठोकळा तयार झाला. काकांनी त्याला हात फिरवून फिरवून असा गुळगुळीत केला, की नातू तेच खेळायला मागत होता. कातडंही आलं, सोललेल्या उसाच्या रंगाचं, वास थेट लहानपणीच्या त्या वाटेचा. आता अडलंय ते एकाच गोष्टीवर. काकांनी विचारलं, माप कुणाचं घेऊ? रुंद करू का निमुळती? माझं तर आता बसणं किती राहिलं, बाजाराला जायचं तर थोरला मोटारसायकलवर सोडतो. थोरला सायकलीवर बसत नाही. उरला नातू. तो अकरा वर्षांचा, दर सहा महिन्याला पँट आखूड होते.

मी काकांना म्हणलं, दोन पोळे थांबता येईल का?

काका म्हणाले, "कातडं थांबंल. माझं मला माहीत नाही." आणि ठोकळा फडक्यात गुंडाळून त्यांनी फळीवर वर ठेवून दिला.